प्रश्न भोपाळला, पेशंट नागपूरला

मध्यप्रदेश विधानसभेची छापील प्रश्नोत्तरे चाळू लागले की एक वाक्य सारखे आडवे येते : 'जानकारी एकत्रित की जा रही है.' आमदाराने प्रश्न लिहून दिलेला असतो, तो सचिवालयातून खात्याकडे आणि खात्यातून जिल्ह्याकडे जाऊन आलेला असतो, मंत्र्यांनी उत्तर द्यायचा दिवस उजाडलेला असतो आणि तरीही माहिती गोळाच होत असते. या वाक्याचे दोन चुलतभाऊ आहेत. एक, 'निश्चित समय-सीमा बताना संभव नहीं है'. दुसरा, 'शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता'. मुंबई-नागपूरच्या वाचकाने याला हसू नये. 'हे अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' ही आपली मंडळी त्याच कुळातली.

असल्या उत्तरांचा ताप सगळ्या मध्यप्रदेशाला आहे. पांढुर्णा आणि सौंसरची अडचण त्याहून निराळी. तिथल्या आमदाराचा प्रश्न बरोबर पत्त्यावर जातो, पण ज्याच्या हातात काम असते तो पुष्कळदा त्या पत्त्यावर नसतोच.

हा भाग सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा. जाम आणि कन्हान नद्यांचा, संत्र्याचा, कापसाचा. घराघरांत मराठी आणि कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत इथल्या प्रतिनिधीला प्रश्न विचारायला नागपूरला जावे लागे. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानीच ती. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा आणि त्यासोबत सौंसर-पांढुर्णा नव्या मध्यप्रदेशात राहिले. सत्तरेक किलोमीटरवरचे विधिमंडळ गेले आणि अडीचशेच्या वर अंतरावरचे आले. गंमत अशी, की नागपूर कराराने ठरल्याप्रमाणे महाराष्ट्राचे विधिमंडळ दर हिवाळ्यात नागपुरात भरते. सौंसरहून सकाळी निघालेला माणूस ते कामकाज सुरू होण्याआधी पोचू शकतो. मात्र तिथल्या एकाही मंत्र्यावर त्याचा काडीचा हक्क नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला. जुनी मागणी होती आणि निवडणूक तोंडावर होती. नोव्हेंबरात मतदान झाले आणि लोकांनी जिल्हा घेतला, पण आमदार दोन्हीकडे विरोधी पक्षाचेच निवडले : सौंसरमधून विजय चौरे, पांढुर्ण्याच्या आदिवासी राखीव जागेवरून नीलेश उईके. दोघेही काँग्रेसचे, दोघेही २०१८ पासूनचे. मतदाराच्या या हिशोबाला कृतघ्नपणा म्हणणारे म्हणोत. मला त्यात शहाणपण दिसते. जिल्हा सत्तेकडून मिळाला, आता त्या जिल्ह्यात डॉक्टर, इंजिनिअर आणि निधी कधी येणार हे विचारायला सत्तेबाहेरचा माणूस बरा. सत्तारूढ आमदार मंत्र्यांच्या दालनात जाऊन काम काढून आणतो, त्याची नोंद कुठे राहत नाही. विरोधी आमदाराचे दालनात फारसे चालत नाही, म्हणून त्याला सभागृहात विचारावे लागते आणि तिथे बोललेला शब्द न् शब्द छापला जातो.

हा हक्क आपल्याकडे तुकड्यातुकड्याने आला. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सभासदांना प्रश्न विचारू दिला, पण उत्तर ऐकून गप्प बसायचे. उपप्रश्नाची परवानगी मिळाली १९०९ मध्ये. इंग्रज सरकारने सतरा वर्षे नेमकी हीच गोष्ट का रोखून धरली असेल, हे कोणत्याही सभागृहात अर्धा तास बसले तर समजते. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्याने लिहून दिलेले असते, मंत्री ते वाचतात. उपप्रश्नाला मंत्र्यांना स्वतः तोंड द्यावे लागते. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी आयुर्विम्याच्या पैशाने मुंदडा कंपन्यांचे शेअर का घेतले हे लावून धरले आणि दोन महिन्यांत अर्थमंत्र्यांना जावे लागले. पुढे हेच हत्यार विकायलाही निघाले : डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. ज्याला बाजारात भाव येतो ती वस्तू निदान निरुपयोगी नाही, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

आता प्रश्नाचा प्रवास पाहू. समजा, सौंसरच्या एखाद्या गावच्या नळ-जल योजनेबद्दल विचारले. प्रश्न लोक स्वास्थ्य यांत्रिकी खात्याकडे जातो. खाते जिल्ह्याच्या कार्यपालन यंत्रीला विचारते, तो सहायक यंत्रीला, तो उपयंत्रीला. टाकी उभी राहिली का, पाइप टाकले का, पाणी येते का, याची माहिती देणारा हा शेवटचा माणूस बहुधा तोच असतो ज्याच्या देखरेखीखाली ते काम झाले किंवा राहिले. त्याने लिहिलेले दोन ओळींचे उत्तर सह्यांच्या पायऱ्या चढत भोपाळच्या वल्लभ भवनात पोचते आणि मंत्र्यांच्या तोंडून राज्याचे अधिकृत सत्य म्हणून बाहेर पडते. मंत्री खोटे बोलत नसतात. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचेच म्हणणे ते सभागृहाला वाचून दाखवत असतात.

म्हणून प्रश्नाची धार विचारणाऱ्याच्या आवाजात नसते, तपशिलात असते. 'पाणीटंचाई दूर करण्यासाठी शासन काय करीत आहे' असा प्रश्न म्हणजे मंत्र्यांना दिलेली मेजवानी. योजनांची नावे वाचून ते खाली बसतात. 'अमुक गावच्या टाकीचा कार्यादेश कोणत्या तारखेला निघाला, ठेकेदाराला शेवटचे देयक कधी दिले आणि त्या दिवशी टाकीत पाणी होते काय' असे विचारले, की उपयंत्रीला आकडा लिहावा लागतो आणि लिहिलेला आकडा गावकरी पडताळून पाहू शकतात. सभागृहात दिलेले आश्वासन पुरे झाले की नाही हे तपासायला शासकीय आश्वासन समितीही आहे. तिचे अहवाल वाचणारे लोक मात्र मोटारसायकलवर मावतील.

गोंधळाबद्दलही एकदा बोलले पाहिजे. प्रश्नकाळ घोषणाबाजीत वाहून गेला की विरोधी पक्षाला टीव्हीवर दृश्य मिळते आणि मंत्र्यांना उपप्रश्नातून सुटका. लेखी उत्तर तेवढे पटलावर पडते. हा सौदा दोन्ही बाजूंना परवडतो, न परवडणारा एकटा पांढुर्ण्यातला माणूस. त्यात अधिवेशनेच आखूड झाली आहेत. २०२५ चे भोपाळचे हिवाळी अधिवेशन १ ते ५ डिसेंबर, म्हणजे जेमतेम एका आठवड्याचे.

पण अधिवेशन महिनाभर चालले तरी मूळ अडचण उरतेच, ती कोणाच्या ताब्यात काय आहे याची. पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर, मध्य रेल्वेचे. सौंसर स्टेशन नागपूर-छिंदवाडा मार्गावर, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे, तिचे मुख्यालय बिलासपूरला. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गावांची रेल्वे दोन झोनची, आणि भोपाळचे मंत्री दोन्हींबद्दल हात वर करतात. तो प्रश्न दिल्लीचा. वीज कंपनीचे आणि महसूल विभागाचे मुख्यालय जबलपूर, हायकोर्टही तिथेच. शेतमालाचा मोठा ग्राहक नागपुरात. मोठे दुखणे आले तर गाडी नागपूरच्या वाटेला लागते.

बसचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. मध्यप्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्ये मोडीत काढले. तेव्हापासून आतल्या रस्त्यांवर खासगी गाड्या आहेत आणि सीमेपलीकडून येणारी महाराष्ट्राची एसटी. खासगी गाडी आलीच नाही तर परिवहन मंत्र्यांना परवान्याबद्दल विचारता येते, गाडीबद्दल नाही. एसटी आली नाही तर ज्या मंत्र्यांना जाब विचारायचा ते मुंबईत. सरकारने सेवा सोडली की खर्च वाचतो, हे सगळे सांगतात. सेवेबरोबर तिच्याबद्दल विचारायचा हक्कही जातो, हे मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. २०२५ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. गाड्या खासगी मालकांच्याच, नियंत्रण सरकारी कंपनीचे. ती खरोखर धावू लागली तर बसचा प्रश्न वीस वर्षांनी सभागृहात परत येईल.

भाषेची अडचण मी त्या मानाने लहान समजतो. राज्यघटनेच्या २१० व्या कलमाप्रमाणे विधिमंडळाचे काम राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. त्या भाषा ज्याला नीट येत नाहीत त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. इथल्या आमदारांना हिंदी उत्तम येते, त्यामुळे सवलतीची गरजच पडत नाही. आलेले उत्तर गावात परत जाताना मराठी होत नाही, हे जास्त वाईट. ग्रामसभेत कोणी ते वाचून दाखवत नाही आणि हिंदी वर्तमानपत्रात चार ओळी येऊन विषय संपतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार वर्तमानपत्रांतून देशभर पोचते. जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, मधे पळसाचे झाड, दोन्हीकडून दगड. प्रशासनाने बंदी घालून पाहिली, रबरी चेंडू वाटून पाहिले. त्या दिवशी मात्र रुग्णवाहिका, डॉक्टर, पोलीस, कलेक्टर सगळे हजर असतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत यांतले किती डॉक्टर जिल्ह्यात असतात, हा प्रश्न गोटमारीपेक्षा कमी रक्तबंबाळ आहे, पण विचारायला हवा तो तोच.

किती हवा, हे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरने दाखवले. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, सर्दी-खोकल्याची लहान मुले 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप पिऊन मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. वीसहून अधिक मुले गेली. सिरप तामिळनाडूत कांचीपुरमजवळ बनलेले, त्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल असल्याचे तिथल्याच सरकारी प्रयोगशाळेने सांगितले. औषध लिहून दिले मध्यप्रदेशात आणि पोरांना घेऊन आईबाप धावले नागपूरला. या एका दुर्घटनेच्या तीन सरकारांकडे तीन फायली. कारखान्याची तपासणी का झाली नाही, हे चेन्नईत विचारायचे. दुकानात आलेली बाटली कोणी तपासली, आजाराची पहिली खबर मिळाल्यापासून ४ ऑक्टोबरच्या बंदीपर्यंत किती दिवस गेले, हे भोपाळला. नागपूरच्या रुग्णालयांनी सीमेपलीकडे कोणाला, कधी कळवले, हे महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांना. कोणत्याही एका सभागृहात फक्त तिसरा हिस्सा विचारता येतो, आणि प्रत्येक मंत्र्याला उरलेल्या दोन हिश्शांकडे बोट दाखवायची सोय आहे.

पाण्याचेही तेच. तोतलाडोहात येणारे पेंचचे पाणी वर चौरईच्या धरणात अडले; पाऊसही लांबला आणि जुलै २०१९ मध्ये नागपूरला एक दिवसाआड नळ आला. छिंदवाड्यातल्या शेतकऱ्याला तेच पाणी न्याय्य वाटते, नागपूरकराला ते पळवलेले वाटते. मे २०२५ मध्ये तापी महापुनर्भरणाचा करार झाला, तेव्हा कन्हान खोऱ्यातला जामघाट प्रकल्पही चर्चेत होता : नागपूरला पिण्याचे पाणी, छिंदवाड्याकडे सिंचन. धरणाखाली कोणाची जमीन जाणार, सौंसरच्या वाट्याला कालवा येणार की फक्त बुडीत क्षेत्र, हे दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीत ठरणार, आणि त्या बैठकीत बाहेरच्या कोणाला उपप्रश्न विचारता येत नाही.

यावर एक साधा उपाय आहे आणि त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. भोपाळ आणि नागपूर, दोन्हीकडची हिवाळी अधिवेशने डिसेंबरात असतात. २०२५ मध्ये भोपाळचे संपले आणि पुढच्याच सोमवारी, ८ तारखेला, नागपूरचे सुरू झाले. सौंसरच्या आमदाराने सावनेरच्या आमदाराशी आणि पांढुर्ण्याच्याने काटोल-वरूडच्या आमदारांशी आधी बसून एकच प्रश्न त्याच तारखा, त्याच आकड्यांसह दोन्ही सभागृहांत टाकावा. पक्ष वेगळे असतील, असू देत. संत्र्याची फळगळ सीमा पाहत नाही. सुरुवात त्या फळगळीपासूनच करता येईल. मध्यप्रदेशात नुकसानभरपाई राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६(४) प्रमाणे मिळते, महाराष्ट्रात वेगळ्या शासननिर्णयाने. एकाच गारपिटीचे सर्वेक्षण दोन्हीकडे किती दिवसांत झाले, हेक्टरी किती रुपये ठरले, खात्यात कोणत्या तारखेला पडले? मग जामघाट : बुडीत गावांची यादी भोपाळकडे आहे ती आणि नागपूरकडे आहे ती एकच आहे का? मग रुग्णालय : पांढुर्णा जिल्ह्यातून वर्षाला किती रुग्ण नागपूरला धाडले आणि नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत तिथले म्हणून किती नोंदले गेले? भोपाळच्या उत्तरात माहिती गोळा होत असली, तर आठवडाभरात नागपूरच्या उत्तरात ती छापून आलेली असू शकते.