वादक पगारी, श्रोते ऐच्छिक

मी बी. कॉम. आहे. हे तक्रार म्हणून सांगत नाही, खुलासा म्हणून सांगतो. कॉमर्सच्या माणसाला जगातल्या कुठल्याही गोष्टीची आधी नावेची बाजू दिसते, मग जमेची. आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर त्याला रात्री झोप लागत नाही. महाबळेश्वरला सूर्योदय पाहायला गेलो तरी माझ्या मनात 'खोलीभाडं भागिले सूर्योदय' असा हिशेब चालू असतो. त्यात ढग आले की भाजक शून्य होतो, आणि मी दिवसभर घुम्यासारखा बसतो.

असल्या माणसाने सिंफनी ऑर्केस्ट्राच्या वाटेला जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण आमचा भाचा पडला इंग्लंडात, दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ गावी. त्याचा एकदा फोन आला, "मामा, काल ऑर्केस्ट्राला गेलो होतो." आता आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत, भर रस्त्यात मांडव घालून, निवेदकाच्या शेरोशायरीसकट. मी विचारलं, "गाणी कुठली घेतली?" तो म्हणाला, "गाणी नसतात हो मामा. साठ-सत्तर माणसं नुसती वाजवतात, आणि एकजण सबंध वेळ लोकांकडे पाठ करून उभा असतो." लोकांकडे पाठ करून उभं राहण्याबद्दल टाळ्या मिळतात, हे ऐकून आमच्या काउंटरवरची काही मंडळी दिवसभर हळहळत होती.

पण खरी मेख पुढेच आहे. असला वाद्यवृंद नुसत्या तिकिटांवर चालत नाही. त्याला सार्वजनिक पैसाही लागतो. हे कळल्याबरोबर माझ्यातला बी. कॉम. खडबडून जागा झाला. ज्याला ते ऐकायचंच नाही, त्याने त्याचे पैसे का म्हणून भरायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या शाखेतला शिपाई काडेपेटी घेतानाही सरकारात कर भरतो. त्याच्या पैशातून साहेबांची संध्याकाळ सुरेल होत असेल, तर त्याला 'संस्कृती' म्हणायचं की 'अफरातफर'?

बोर्नमथने या प्रश्नाला पहिलं उत्तर दिलं ते थेट धंद्याचं. ते गाव हवापालटाचं. हवा बदलायला आलेल्या माणसाची दोन दिवसांत हवा पाहून होते. मग त्याला संध्याकाळी करायचं काय? म्हणून १८९३ साली नगरपालिकेच्या आश्रयाने डॅन गॉडफ्री नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने तीस वादक जमवले. तीच माणसं बाहेर उघड्यावर लष्करी बँड वाजवायची आणि आत येऊन वाद्यवृंद व्हायची. एका पगारात दोन खाती सांभाळणारा कर्मचारी ही कल्पना आपल्या व्यवस्थापनांच्याही आधी तिथे निघाली होती म्हणायची! गॉडफ्रीने ही नोकरी १९३४ पर्यंत केली, मधे १९२२ साली 'सर' झाला, आणि एल्गारसारखा बडा संगीतकार त्या किनाऱ्यावर येऊन आपल्या रचना वाजवून घेऊ लागला. पुढे १९५४ साली त्याचं नाव 'बोर्नमथ सिंफनी ऑर्केस्ट्रा' झालं. आता त्याचा मुक्काम शेजारच्या 'पूल' गावी असतो. गावाचं नाव पूल असलं की पलीकडे जाणं भागच पडतं. हा वाद्यवृंद एक्सेटर, पोर्ट्समथ अशी गावं घेत फिरतो.

ठीक. पण पाहुणे यावेत म्हणून वाजवायचं, तर त्याचे पैसे लॉजवाल्यांनी द्यावेत. शिपायाचा प्रश्न आपला जागच्या जागीच.

दुसरं उत्तर अर्थशास्त्राचं. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली या विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं सोपं आहे. कारखान्यात यंत्र आलं की दहाजणांचं काम दोघं करतात. पण बेथोव्हेनने चौघांसाठी लिहिलेली रचना आजही चौघांनाच वाजवावी लागते, आणि तेवढाच वेळ लागतो. इतरांचे पगार वाढतात तसे त्या चौघांचेही वाढवावे लागतात. नाहीतर ते वाद्य ठेवून दुसरी नोकरी धरतील. काम मात्र तसूभर लवकर उरकत नाही. म्हणजे खर्च चढतच जाणार. वादक कामचुकार म्हणून नव्हे, काम तसंच आहे म्हणून.

हे वाचून मला त्या चौघांविषयी आपुलकीच वाटू लागली. आमच्या शाखेत मी लागलो तेव्हा बावीसजण होतो, आता नऊ आहोत. पासबुक यंत्र भरतं, पैसे भिंत देते. पण एखाद्या आजी नवरा गेल्यानंतर त्याच्या खात्याचं काय करायचं ते विचारायला येतात, तेव्हा त्या कामाला पंधरा वर्षांपूर्वी जितका वेळ लागायचा तितकाच आज लागतो. कारण त्यातली चौदा मिनिटं खात्याबद्दल नसतातच. ती मिनिटं वाचवणारं यंत्र आलं, तर वाचणार काय?

तरीही, महागाईचं कारण सांगितलं म्हणजे बिल भरायची जबाबदारी ठरत नाही. सोनारही कारण सांगतोच.

कोणी म्हणेल, अग्निशमन दल पाहा. घर न जळताही आपण त्याचे पैसे भरतोच की! दाखला चांगला आहे, पण आग लागली तर बंब माझ्या दाराशी येतो. सिंफनी न ऐकल्याने कोणाचं घर जळाल्याचं ऐकिवात नाही. त्यापेक्षा आपला घरचा दाखला बरा. पुणे महापालिकेने १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडलं, तेव्हा प्रत्येक करदात्याला नाटकाचं वेड होतं असं थोडंच आहे? पण दार उघडं होतं, आणि आज ना उद्या आपल्या पोराला त्यातून आत जाता येईल, एवढा दिलासा त्या करात बसला होता.

मला वाटतं, सगळा न्याय-अन्याय त्या दारापाशीच ठरतो. कर भरणारा माणूस हा ठेवीदार आहे. वाद्यवृंद हा कर्जदार. मग वादकांनी शाळांमधून, वृद्धाश्रमांतून, विस्मृतीच्या आजाराने आपलीच माणसं विसरलेल्या म्हाताऱ्यांपुढे जाऊन वाजवलं, तर त्याला समाजसेवा म्हणून हार घालू नयेत. ते व्याज आहे. वेळेवर भरलं, एवढंच म्हणावं. बोर्नमथची मंडळी हे व्याज भरतात, असं दिसतं.

पण त्यांनी केलेली एक गोष्ट मात्र व्याजाच्या पुढची आहे. २०१८ साली त्यांनी 'रीसाउंड' नावाचा एक छोटा वाद्यवृंद उभा केला. त्यातले वादक अपंग, आणि त्यांचा नायक जेम्स रोझ हाही अपंग. हाताऐवजी डोक्याला लावलेल्या छडीने तो ताल दाखवतो. त्याच वर्षी ही मंडळी लंडनच्या बी. बी. सी. प्रॉम्समध्ये वाजवून आली. म्हणजे बघा, आजवर अशा माणसांना फार तर पहिल्या रांगेत बसवून त्यांच्यासाठी वाजवलं जायचं. इथे खुर्ची मांडली ती व्यासपीठावर. आमच्या भाषेत सांगायचं तर लाभार्थ्याचं नाव खोडून संयुक्त खातेदार म्हणून चढवलं!

सेवा-सेवा म्हणतात ती हीच असावी. लोकांना जे आवडतं तेवढंच देणं ही विक्री झाली. त्यांना आवडायलाच हवं ते पाजणं ही मास्तरकी झाली. खातं त्यांचं आहे असं समजून त्यांना सही करायला जागा ठेवणं, यातच काय ती सेवा. तेवढी जागा असेल तर शिपायाचा पैसा योग्य ठिकाणी गेला असं मी म्हणेन. मग तो ऐकायला जावो, नाहीतर घरी झोपो. झोपण्याचा हक्क तर सभागृहातल्या श्रोत्यांनाही असतो. भाचा म्हणतो, संथ भागाच्या वेळी तो पुष्कळजण बजावतात.