विद्याधन कोणाच्या खात्यावर?

परदेशी विद्यापीठात शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याचे अंदाजपत्रक हा वरकरणी निव्वळ हिशेबाचा विषय दिसत असला, तरी त्याच्या तळाशी असलेला प्रश्न धर्मशास्त्रकारांनी आणि पुढे न्यायालयांनी शेकडो वर्षे हाताळलेला आहे: एकाने दुसऱ्याच्या शिक्षणासाठी खर्च केला, तर खर्च करणाऱ्याला शिकणाऱ्याच्या पुढील आयुष्यावर काही हक्क पोहोचतो का, आणि पोहोचत असेल तर तो कशाने फिटतो?

चिंचवडमध्ये या प्रश्नाला स्वतःचे असे एक वळण मिळाले आहे. मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि देवस्थानामुळे ओळखले जाणारे हे गाव 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिल्यावर आणि 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कारखान्यांच्या पट्ट्यात ओढले गेले, आणि सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून आलेल्या कामगारांनी पगारातून, हप्त्याहप्त्याने, येथे घरे घेतली. ही मालमत्ता वडिलार्जित नसून स्वार्जित, म्हणजे एकाच आयुष्यात कमावलेली आहे. स्वार्जित मालमत्ता विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा बापाचा अधिकार कायद्याने जवळजवळ निरंकुश असल्यामुळे मुलाच्या शिक्षणासाठी फ्लॅट तारण ठेवताना त्याला कोणी आडवे येत नाही. त्याने ते करावे का, आणि केल्यावर त्याबदल्यात काय मागावे, हा उरलेला प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेत येत नाही.

हिशेबाची बाजू आधी पाहणे योग्य ठरेल. 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाल्यापासून या पट्ट्यातील अभियंत्यांना जर्मनी परकी वाटेनाशी झाली आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत; श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो लावले. शुल्क नसले तरी राहण्याखाण्याची तरतूद दाखवावी लागते, आणि त्यासाठीच्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या खात्यात, सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागू लागले. ब्रिटनचा नियम निराळा आहे: शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा निर्वाहखर्च सलग 28 दिवस खात्यावर दिसला पाहिजे. या 28 दिवसांपुरती नातेवाइकांकडून रक्कम उसनी घेऊन खात्यात ठेवायची आणि व्हिसा मिळताच परत करायची, अशी वाट काही जण धरतात. ती असत्याची आहे हे उघडच आहे, पण तिचा फटका प्रथम बसतो तो त्या विद्यार्थ्यालाच, कारण दाखवलेला पैसा परक्या शहरात भाडे भरायला हाताशी नसतो. शिवाय शुल्क परक्या चलनात आणि कर्ज रुपयांत असल्यामुळे विनिमय दराची जोखीमही अंदाजपत्रकात धरावी लागते. 2013 मध्ये साठ रुपयांपलीकडे गेलेला डॉलर 2022 मध्ये ऐंशीला पोहोचला होता.

शैक्षणिक कर्जाची परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपून काही काळ उलटल्यावर सुरू होते, परंतु व्याज पहिल्या उचलीपासूनच चढू लागते. विद्यार्थ्याच्या नावापुढे बँक बहुधा आईची किंवा वडिलांची सही सहकर्जदार म्हणून घेते. सहकर्जदार म्हणजे मुलाने हप्ता चुकवला तर स्वतःहून तो भरण्यास बांधलेली व्यक्ती. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला कामगार अशा रीतीने पुढील दहा-पंधरा वर्षांचे देणे पत्करतो.

जुन्या धर्मशास्त्राला ही रचना उफराटी वाटली असती. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हे तेथे पुत्राचे धार्मिक कर्तव्य होते, आणि जुगार किंवा मद्यपान अशा कारणांसाठी काढलेली ऋणेच त्यातून वगळली होती. उलट दिशेने मात्र याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की पुत्राने केलेले ऋण पित्याने फेडण्याची गरज नाही. अपवाद एकच, ते ‘कुटुंबार्थ’, म्हणजे घराच्या गरजेसाठी, काढलेले असेल तर. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पुत्राचे ते धार्मिक कर्तव्य कायद्यापुरते संपवले. आज पित्याच्या नव्या ऋणातून पुत्र मोकळा आहे आणि पुत्राच्या ऋणात पिता सहीनिशी बांधलेला आहे. मग प्रश्न उरतो तो स्मृतीतल्या अपवादाचा: म्युनिक किंवा मँचेस्टर येथील पदवी कुटुंबार्थ आहे का? घरातल्या सर्वांचे जीवन तिने उंचावेल अशी अपेक्षा असेल, तर खर्च कुटुंबार्थ ठरतो, पण मग मिळकतीतही कुटुंबाचा वाटा आला. ती मुलाची स्वतःची आकांक्षा असेल, तर वाटा मागता येत नाही, आणि तारणही त्याच विचाराने ठेवायला हवे.

याच पेचावर हिंदू कायद्यात ‘विद्याधन’ या नावाने मोठा वाद झाला. विद्याधन म्हणजे विद्येच्या बळावर केलेली कमाई. विज्ञानेश्वराने बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि तिच्या परंपरेत स्थिरावलेली भूमिका अशी की, पितृद्रव्याला धक्का न लावता मिळवलेल्या विद्येची कमाई ज्याची त्याची, पण कुटुंबाच्या पैशाने मिळवलेल्या विद्येची कमाई एकत्र कुटुंबाची. इंग्रजी न्यायालयांनी त्यात प्राथमिक शिक्षण आणि विशेष शिक्षण असा भेद आणला. गोकल चंद विरुद्ध हुकम चंद-नाथ मल या लाहोरहून आलेल्या खटल्यात 1921 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, कुटुंबाच्या खर्चाने विशेष शिक्षण घेऊन आय.सी.एस. झालेल्या अधिकाऱ्याची कमाई कुटुंबाची ठरवली. आय.सी.एस.ची परीक्षा तोवर लंडनलाच होत असल्यामुळे परदेशगमनाच्या खर्चाशिवाय ते पद गाठणे अशक्यच होते, आणि या निकालाने मुलाला विलायतेला धाडणाऱ्या प्रत्येक एकत्र कुटुंबाच्या हिशेबात एक न लिहिलेला परतावा घातला. तो काढून टाकण्यासाठी मुकुंदराव जयकर यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणले आणि 1930 चा हिंदू विद्याधन कायदा झाला: कुटुंबाने शिकवले एवढ्याच कारणाने विद्येची कमाई कुटुंबाची ठरणार नाही. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, आणि चिंचवड-आकुर्डीच्या महाविद्यालयांतील पदव्या त्याच विद्यापीठाच्या नावाने मिळत आल्या.

जयकरांचा कायदा न्याय्य होता, पण त्याने मालकीचा प्रश्न सोडवला. कृतज्ञतेचा प्रश्न कायद्याला सोडवता येत नाही. वैदिक परंपरेने तो वेगळ्या रीतीने मांडला आहे. तैत्तिरीय संहितेत जन्मासोबत येणाऱ्या तीन ऋणांची कल्पना आहे: देवांचे ऋण यज्ञाने, पितरांचे संततीने आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्याध्ययनाच्या व्रताने, फिटते. ऋषिऋणाचे वैशिष्ट्य असे की ते ऋषींच्या पदरात काही टाकून फेडायचे नसून शिकूनच फेडायचे असते. जमशेदजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी जो निधी उभारला, तोही दानाचा नसून कर्जाचा होता, आणि परत आलेला पैसा पुढच्या अनोळखी विद्यार्थ्याकडे जाई. ऋषिऋणाच्या इतक्या जवळ जाणारी आधुनिक व्यवस्था दुसरी क्वचितच सापडेल. जर्मन विद्यापीठात शुल्काविना शिकणाऱ्या चिंचवडच्या मुलाचे देणेही याच जातीचे आहे, कारण त्याच्या वर्गाचा खर्च तेथील करदाते उचलतात आणि त्यांच्यापैकी कोणीही कधी मागायला येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करार त्यामागे होता. ते 1917 मध्ये ती अट पाळण्यासाठी बडोद्याला गेलेही, पण अस्पृश्य म्हणून तेथे त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही. अट देणाऱ्याच्या बाजूनेच अशक्य झाली, आणि ते अशक्य होणे सर्वांना दिसले, कारण अट कागदावर होती. चिंचवडच्या बैठकीच्या खोलीत मात्र देताना ‘तुझंच आहे’ म्हटले जाते आणि दहा वर्षांनी ‘तुझ्यासाठी घर गहाण टाकलं’ हे ऐकवले जाते; दान म्हणून दिलेले मागताना कर्ज होते. कर्जाला लाज नाही आणि दानालाही नाही, पण तीच रक्कम दोन्ही असू शकत नाही, आणि ती कोणती हे बँकेच्या कागदांवर सह्या होण्यापूर्वी ठरवून मुलाला सांगण्याचे काम आईवडिलांचे आहे.

त्या ठरावात आणखी एकाला स्थान हवे. चिंचवडपासून फार दूर नसलेल्या देहूत तुकोबांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. त्याच परंपरेत हेही आहे की त्यांनी खतांची आधी वाटणी केली, भाऊ कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्याच वाट्याची बुडवली. वैराग्याच्या टोकालाही भावाच्या हिश्श्याचे उदार होण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही. घर स्वार्जित असल्यामुळे धाकट्या मुलीची सही बँकेला लागत नाही, पण थोरल्याचे हप्ते सुरू होण्याच्या सुमारास बहुधा तिच्या प्रवेशाचे वर्ष येते, आणि तेव्हा तारण ठेवायला ते घर मोकळे नसते. म्हणून थोरल्याच्या अंदाजपत्रकाला बसताना तिलाही बोलवावे लागते, मग ती तेव्हा दहावीत का असेना.