आधी रस्ता, मग कॅम

कोल्हापूर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी शतपावली घालत होतो, आणि तू इतकं भरभर बोलत होतीस की आजीला वाटलं, पोरीचं लग्नच ठरलं. (तिला म्हटलं, तसं काही नाही, बुलेटचे कॅम बदलायचे म्हणते; तर म्हणाली, मग बरंय, ते नाही जमलं तर जुने परत घालता येतात.) शनिवारी संध्याकाळी पुण्याहून यायचं, रात्रीत कॅम घालायचे आणि रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा, असा तुझा बेत. मी नाही म्हणणार नाही. गाडी तुला दिली ती झाकून ठेवायला दिलेली नाही. पण फोनवर तुझ्या वेगात माझं म्हणणं कुठं शिरेना, म्हणून हे पत्र. चहा घेता घेता सावकाश वाच.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगितल्याशिवाय म्हाताऱ्याला चैन पडत नाही. आपली बुलेट जुनी, ओतीव लोखंडी सिलिंडरची; बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, एकूण 346 सीसी आणि ताकद कागदावर जेमतेम 18 अश्वशक्ती. उजवीकडचं टायमिंग कव्हर काढलं की दोन कॅम दिसतात, एक इनलेटचा, एक एक्झॉस्टचा, आपापल्या पिनेवर बसलेले. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला चाळिसेक वेळा उघडतो नि मिटतो. (राजदूतला ही भानगडच नव्हती. टू-स्ट्रोक इंजिन, ना असे व्हॉल्व्ह, ना कॅम. मी हात काळे करायला शिकलो तो तिच्यावर, त्यामुळे पहिली बुलेट उघडली तेव्हा आत हे काय घड्याळ बसवलंय असं वाटलं होतं.)

आता तुला हवे असलेले ‘फास्ट’ कॅम करतात काय? त्यांचा उंचवटा थोडा उंच आणि बराच रुंद असतो, म्हणून व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात दाराशी उभी राहून बघ. रेटा जोरात असला, की दार बंद करायला क्षणभर उशीर केला तरी चार माणसं जास्तच आत येतात, कारण मागची पुढच्यांना ढकलत असतात. पण दुपारी, गर्दी विरळ असताना, दार तसंच उघडं ठेवलं तर आलेलीच चार बाहेर पडतात. पेट्रोल-हवेचंही तसंच. इंजिन जोरात फिरत असताना आत येणाऱ्या मिश्रणाला स्वतःचा रेटा असतो, पिस्टन वर यायला लागला तरी ते आत घुसतच राहतं; तेच हळू फिरताना पिस्टन त्याला आल्या वाटेनं परत ढकलतो. म्हणून असे कॅम घातलेली गाडी आयडलला लंगडते, खालच्या वेगात मरगळते आणि वर गेली की एकदम अंगात आल्यासारखी पळते.

तेव्हा बाळा, कॅम बदलून ताकद फुकटात वाढत नाही. एका टोकाला मिळवायची ती दुसऱ्या टोकाला थोडी मोजून द्यावी लागते. खालून करूळ चढताना, मागं कोणी बसलेलं, वळणावर वेग पडलेला, अशा वेळी आपली गाडी तिसऱ्याच गियरमध्ये ढुक्-ढुक् करत वर येते ना, तीच ही खालची ताकद. तिथंच सौदा होणार. वरचीही किंमत आहे. फेरे 5000 चे 6000 झाले की पिस्टन-रॉडच्या धावपळीचा ताण सव्वापट नव्हे, जवळजवळ दीडपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. आणि तो सगळा रॉड क्रँकला जोडणाऱ्या बिग एंडच्या बेअरिंगला सोसावा लागतो, ज्याचं वय तुझ्यापेक्षा जास्त आहे.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे: महिनाभर थांब. रोज गाडी लावली की वहीत दोन ओळी लिही, कोणता रस्ता, कोणता गियर, किती वेगाला मूठ पिळली आणि गाडी कुठं कमी पडली. (आजीची हिशोबाची वही आठवते ना? महिनाअखेरीस ती नुसती चाळली तरी पैसा कुठं गळतो ते कळायचं, कुणाला बोलावं लागायचं नाही.) वहीत सारखा हायवे आला तर कॅम घेऊ. सारखा घाट नि शहर आलं, तर पैसे वाचले. एकदा कार्ब्युरेटर साफ करू, पॉइंटचा गॅप बघू, आणि जुने कॅमच झिजलेत का ते तपासू. कधी कधी गेलेली ताकद एवढ्यानंही परत येते.

आणि घालायचेच ठरले तर नीट घालू. नव्या कॅमबरोबर त्यावर टेकणारे टॅपेटही नवे, जुन्या झिजलेल्या तोंडावर नवा कॅम चालवायचा नाही. व्हॉल्व्ह जास्त खाली येणार, तर तो पिस्टनला भेटणार नाही ना, हे बघायला हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातली मऊ माती लावायची, हेड कसून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं, परत उघडायचं आणि माती जिथं सर्वात पातळ दबली तिथं मोजायची. इनलेटला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटरपेक्षा कमी दिसली तर काम तिथंच थांबवायचं. (मी एकदा माती नव्हती म्हणून आजीची कणीक नेली होती. मोजमाप झालं, पण त्या दिवशी जेवायला भातच मिळाला.)

दंतचक्रांवरची टिंबं एकमेकांसमोर आली का, हे दोनदा बघायचं, आणि दुसऱ्यांदा चहा पिऊन आल्यावर. तरुणपणी एका गिऱ्हाइकाला वरातीला जायचं होतं, तो डोक्यावर उभा, आणि मी कॅम एक दात चुकवून बसवला. एकच दात! गाडी कार्ब्युरेटरमधून ठो-ठो करत वरातीपुढचे फटाके उडवत गेली आणि चौकात बंद पडली. ती ढकलत परत आणली तेव्हा मला कळलं, घाईत वाचवलेली दहा मिनिटं दुपारभर फेडावी लागतात.

आता शनिवारच्या रात्रीचं. बुलेटचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, सिलिंडरच्या बुडाशी असलेलं झाकण काढायचं आणि टॅपेटवर उभा असलेला पुशरॉड चिमटीत धरायचा: तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली तसूभरही हलता कामा नये. (नव्या कॅमला वेगळं माप दिलं असेल तर ते पाळायचं.) लॉकनट आवळला की माप जरासं सरकतं, म्हणून परत बघायचं. गरम इंजिनावर हेच केलंस तर बोटाला बरोबर लागतं आणि असतं चूक. व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही तर तो जळतो. पुण्याहून आलेलं इंजिन संध्याकाळी कुठलं थंड असायला? मी तुम्हा पोरांना पाचला उठवत असे त्यात माझी शिस्त कमी नि बुलेटची सोय जास्त होती.

तू चांगलंच करशील, त्याची मला काळजी नाही. तू या गाडीवर शिकलीस ती कशी? आधी कट-आउट दाबून किक हळूहळू आणायची, अ‍ॅम्पिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत थांबायचं, मगच पाय टाकायचा. घाई केली की किक उलटी बसून पोटरी काळीनिळी, आणि तुझी एकदाच झाली होती. तेवढा काटा मध्यावर येऊ दे, एवढंच.

महिन्यानंतर ये, शनिवारी रात्री. गाडी परसात झाकून ठेवू, गप्पा मारू, झोपू. पहाटे पाचला इंजिन थंड असेल आणि चहा गरम.

तुझे आजोबा

ता. क. जुने कॅम काढले की भंगारात टाकू नकोस. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेव आणि वर चिठ्ठी लाव, कुठला इनलेट, कुठला एक्झॉस्ट. आजी म्हणाली ते खरं आहे, जुने परत घालता येतात. पण जपून ठेवले असतील तरच.