परिचर्येचा अधिकार: अरुणा शानबाग आणि केईएमच्या परिचारिका

भारतीय कायद्याच्या चर्चेत अरुणा शानबाग हे नाव मुख्यतः इच्छामरणाशी, म्हणजे बरे होण्याची आशा न उरलेल्या रुग्णाचे आयुष्य थांबवण्याचा निर्णय घेता येतो काय आणि तो कोणी घ्यावा या प्रश्नाशी, जोडले गेले आहे. परंतु ते नाव मुळात एका परिचारिकेचे होते आणि चार दशकांहून अधिक काळ ते जपले तेही परिचारिकांनीच, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडते. या स्त्रियांच्या कामाकडे केवळ निष्ठेचे उदाहरण म्हणून पाहणे अपुरे आहे, कारण त्या कामातून रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार निर्माण झाला आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तो मान्य करावा लागला.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूर येथे 1948 मध्ये जन्मलेल्या अरुणा शानबाग मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या, आणि शस्त्रक्रियांचे प्रयोग जेथे कुत्र्यांवर होत त्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक होती. कामाच्या शिस्तीवरून तेथील एका सफाई कर्मचाऱ्याशी त्यांचे वाद झाले होते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी पाळी संपल्यावर त्या तळघरात कपडे बदलत असताना त्याच कर्मचाऱ्याने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. त्या वेळी कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला, आणि त्यातून झालेली हानी कायमची ठरली. आरोपीला जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. त्यांचे स्मरण बहुधा या रात्रीपासून सुरू होते, आणि म्हणूनच गैरवर्तन खपवून न घेणारी, आपल्या कामाचा मान राखणारी एक पंचविशीतली परिचारिका त्या स्मरणात जवळजवळ सापडतच नाही.

त्यानंतर अरुणा यांना केईएममध्येच वॉर्ड 4 लगतच्या ज्या खोलीत ठेवले होते तेथे जे घडले ते दिसायला अगदी साधे होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या कंबरेच्या, खुब्यांच्या आणि टाचांच्या हाडांवर शरीराचा भार सतत पडत राहिला, की तेथील कातडीचा रक्तपुरवठा थांबतो, कातडी मरते आणि जखम होते. तिला दाबव्रण, रुग्णालयाच्या रोजच्या बोलीत बेडसोअर, म्हणतात. तो टाळायचा तर दर काही तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते, अंग पुसून कोरडे ठेवावे लागते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, आणि हे सारे रात्रपाळीतही करावे लागते. अन्न कुस्करून घास घास भरवावे लागते, तेही ते श्वासनलिकेत जाणार नाही याकडे लक्ष ठेवून. सप्टेंबर 2010 मध्ये मलेरिया होईपर्यंत अरुणा यांना तोंडानेच भरवले जात होते आणि नळीची गरज त्यानंतर लागली. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही दाबव्रण झाला नाही, ही माहिती न्यायालयापुढे आली, आणि परिचर्या जाणणाऱ्या कोणालाही तिचे मोल एखाद्या अवघड शस्त्रक्रियेहून कमी वाटणार नाही. हे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकींनी अरुणा यांना बोलताना कधी पाहिलेले नव्हते. आधीच्या पिढीने नव्या पिढीच्या हाती सोपवलेली ती जबाबदारी होती, आणि पगारी कामाच्या चौकटीत राहूनही ती स्वेच्छेने पत्करलेली होती. 1980 च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचे प्रयत्न केले, तेव्हा परिचारिकांच्या विरोधामुळे ते सोडून द्यावे लागले.

अरुणा यांच्यावर 1998 मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी, त्यांना भरवणे थांबवावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी 7 मार्च 2011 रोजी ती फेटाळली. मात्र निष्क्रिय इच्छामरण, म्हणजे जीव टिकवणारे उपचार थांबवून मृत्यूला वाट मोकळी करून देणे, उच्च न्यायालयाच्या परवानगीने शक्य असल्याचे मान्य केले. याच निकालात रुग्णाचा ‘निकट मित्र’, म्हणजे बोलू न शकणाऱ्याच्या वतीने न्यायालयात उभी राहू शकणारी व्यक्ती, कोण याचाही निर्णय झाला: विराणी यांच्या आस्थेचा आदर करूनही न्यायालयाने ते स्थान रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिले. ज्या कायद्याला एरवी रक्ताचे नाते, विवाह किंवा दत्तकविधान यांतूनच आप्त दिसतात, त्याने येथे हातांनी केलेल्या कामातून आप्त ओळखले.

विराणी यांचा प्रश्न मात्र त्यामुळे निकालात निघत नाही. जिची इच्छा कळण्याचा मार्गच उरलेला नाही, तिला इतरांच्या मायेने किती काळ जगवावे, हे ती माया कितीही खरी असली तरी तिच्यावरून ठरत नाही, आणि परिचारिकांना मिळालेल्या अधिकारात हा भार अध्याहृत होता. पुढे त्यांचे मत बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा, असे न्यायालयाने सांगून ठेवले होते. तशी वेळ आली नाही. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले, आणि आपल्या इच्छेची आगाऊ लेखी नोंद करून ठेवण्याचा प्रत्येकाचा हक्क 2018 मध्ये घटनापीठाने मान्य केला.

या परिचारिकांचा गौरव सर्वांनी केला, न्यायालयानेही मनापासून केला. परंतु हल्ल्यानंतर 1973 मध्ये मुंबईतील परिचारिकांनी जो संप केला तो गौरवासाठी नव्हता, तर अरुणा यांच्यासाठी आणि स्वतःसाठी कामाची सुरक्षित व्यवस्था मिळावी म्हणून होता, आणि ते त्या गौरवात क्वचितच आठवले जाते. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले, त्या आदेशात अरुणा शानबाग यांचा उल्लेख आहे, आणि कृतिदलाने विचारात घ्यावयाच्या गोष्टींत डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी रुग्णालयात स्वतंत्र विश्रांतीच्या खोल्या हीही एक आहे.