न समजण्याचे ओझे कुणाचे?

'स्वमग्न' हा शब्दच निकाल देऊन मोकळा होतो. स्वतःत मग्न, म्हणजे दुसऱ्याशी देणेघेणे नाही! आम्ही शिक्षक मंडळी तो सहज वापरतो आणि सारा कसूर मुलाच्या पदरात टाकतो.

या समजुतीला विज्ञानाचाही आधार मिळाला. 1985 साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी बाहुल्यांचा प्रयोग केला. सॅली गोटी टोपलीत ठेवून जाते, अ‍ॅन ती डब्यात हलवते. परतलेली सॅली गोटी कुठे शोधील? 20 स्वमग्न मुलांपैकी 16 चुकली. यांना दुसऱ्याचे मन कळत नाही, असे मग सर्वत्र सांगितले जाऊ लागले. बरोबर उत्तर देणारी चार मुले मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

मेंदूचा अभ्यासही बराच काळ एकेकट्या माणसाला यंत्रात निजवून, चेहऱ्यांची चित्रे दाखवून चालला. पण गुफ्तगू एकट्याची नसते. आता दोघांच्या मेंदूंची नोंद एकाच वेळी घेता येते. बोलताना दोन्ही मेंदूंच्या लयी काही प्रमाणात जुळतात. स्वमग्न आणि इतर माणसांच्या जोडीत ही जुळणी कमी असल्याचे काही प्रयोगांत दिसले, काहींत नाही. समजा, ती कमीच आहे. तरी ते माप जोडीचे आहे. त्यावरून एकालाच गुन्हेगार कसे ठरवायचे?

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये हेच मांडले: न समजणे दुहेरी आहे. 2017 च्या एका अभ्यासात काही सेकंदांची चित्रफीत पाहून लोकांनी स्वमग्न व्यक्तींना नापसंत केले. त्यांचेच बोलणे फक्त लिखित स्वरूपात वाचायला दिले, तेव्हा ती नापसंती उरली नाही. म्हणजे नडला तो आशय नव्हे, अंदाज! 2020 च्या एका छोट्या प्रयोगात मिश्र गटांत निरोप जास्त गळाला होता. 2025 च्या मोठ्या, 311 जणांच्या प्रयोगात मात्र तसा फरक आढळला नाही. आम्हाला ही बातमी उमेदीची वाटते.

आणि नजरेचे काय? आमच्या घरांत मोठ्यांसमोर नजर झुकवणे हा अदब. तेच मूल वर्गात बाईंकडे पाहत नाही, तर ती तक्रार.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी वा मान्यताप्राप्त शाळेला अशा मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. त्याच्या अम्मीला आम्ही सांगतो, याला चारचौघांत वागायला शिकवा. बाकीच्या पन्नास जणांना काय शिकवायचे, ते आमच्या पाठाच्या टाचणात अजून आलेले नाही.