वाड्यातलं लग्न आणि पहिली पंगत

नाशिकमध्ये लग्न म्हटलं की लॉन्स. गंगापूर रोड असो, दिंडोरी रोड असो की पुण्याकडे जाणारा रस्ता, लग्नसराईत सगळीकडे तेच दृश्य दिसतं: हिरवळ, मधोमध भलं मोठं स्टेज, बाजूला बुफेच्या रांगा आणि दारात नाशिक ढोल. अलीकडे मात्र काही घरांना लॉन्सचा कंटाळा आला आहे. मुलांना उदयपूर-जोधपूरचे फोटो खुणावतात, आईवडिलांना तो खर्च झेपत नाही किंवा पटत नाही. मग कुणीतरी म्हणतं, आपल्याकडे वाडे आहेत की. गावाकडचा जुना वाडा झाडूनपुसून काढायचा, चौकात मांडव घालायचा आणि तिथेच मंगलाष्टका म्हणायच्या.

मला ही कल्पना मनापासून आवडते आणि तिची काळजीही वाटते. आवडते, कारण घर राबतं राहिलं तरच टिकतं. काळजी वाटते, कारण वाडा म्हणजे नुसती नक्षी नव्हे.

आधी आवडण्याविषयी. नाशिकच्या आसपास वाड्यांना तोटा नाही. चांदोरीला हिंगण्यांचा वाडा आहे. नाशिकचं क्षेत्रोपाध्येपण करणाऱ्या महादेव भट हिंगण्यांचं घराणं पेशव्यांची दिल्लीतली वकिली करू लागलं आणि त्या वकिलीचं वैभव गोदाकाठच्या या गावात उभं राहिलं. विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं ठाणं. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे आणि तिथले कोरीव लाकडी खांब पाहिले की माणूस आपोआप हळू चालायला लागतो. खुद्द नाशकात सराफ बाजाराशी सरकारवाडा उभा आहे. गोदावरीला पूर आला की पाणी त्याच्या कितव्या पायरीला लागलं यावरून जुनी माणसं पुराचं माप सांगत आली आहेत. सरकारवाडा किंवा रंगमहाल ही सरकारी देखभालीतली स्मारकं आहेत. तिथे लग्न लावू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं म्हणणं आहे ते उरलेल्या, खासगी मालकीच्या, कुणाचंच लक्ष नसलेल्या वाड्यांबद्दल.

हे वाडे का ढासळले याची कारणं सरळ आहेत. सरंजाम आणि इनामं गेली. 1948च्या कूळकायद्याने कसणाऱ्याच्या हाती जमीन दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. पण वाडा ज्या उत्पन्नावर उभा होता ते त्याबरोबर आटलं. शहरातल्या वाड्यांमध्ये भाडेकरू आले. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांची भाडी गोठली, आणि तेवढ्या भाड्यात कौलं शाकारणंही मालकाला परवडेना. पुढे वाटण्या झाल्या, भावाभावांत दावे लागले, कुणी मुंबईला गेलं, कुणी अमेरिकेला. आज जुन्या नाशकात आणि पंचवटीत पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. एखाद्या रात्री त्यातली एखादी भिंत खचते. राजस्थानातल्या राजघराण्यांनी वेळीच महालांची हॉटेलं केली. आपल्या सरदारांचे वाडे त्यामानाने लहान, वाटण्या झालेले आणि आडगावी, म्हणून त्यांच्याकडे कुणी वळलं नाही. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांच्या गढीचं जाधवगड नावाचं हॉटेल झालं आणि तिथे लग्नंही होतात, पण अशी उदाहरणं मोजकीच.

इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांची गत काही काळ अशीच होती. 1994च्या विवाह कायद्याने तिथे एक साधा बदल झाला. तोवर नोंदणी पद्धतीचं लग्न सरकारी कार्यालयातच लावावं लागे. त्यानंतर मान्यता मिळालेल्या इतर इमारतींतही ते लावता येऊ लागलं. माळरानावरच्या, छप्पर गळणाऱ्या कितीतरी मोठ्या घरांना यातून नियमित उत्पन्न मिळालं. दर शनिवारी एक लग्न, आणि त्या पैशातून यंदा एक छप्पर, पुढच्या वर्षी एक जिना. आपल्याकडेही हे का होऊ नये? वाड्याचा चौक तर लग्नासाठीच बांधल्यासारखा असतो. चारी बाजूंना ओसरी, वर माडीचा सज्जा, मध्ये तुळशी वृंदावन, मागे आड आणि स्वयंपाकघर. मुहूर्तमेढ रोवायला जागा आहे, देवक बसवायला देवघर आहे, रुखवत मांडायला सोपा आहे. लॉन्सवर हे सगळं भाड्याने आणून उभं करावं लागतं.

2019च्या सप्टेंबरमध्ये राज्यातले काही किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली आणि महाराष्ट्र पेटून उठला. शिवरायांशी जोडलेल्या गडांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो संताप मला समजतो. गड ही लढण्याची आणि मरण्याची जागा, तिथे वरमाला कसल्या घालता? पण वाडा हे घर आहे. तिथे बारशी झाली, मुंजी झाल्या, लग्नं झाली, तेराव्याच्या पंगती उठल्या. वाड्यात पुन्हा लग्न लागलं तर त्याचा अपमान होत नाही.

आता काळजीविषयी. वाड्यात कसली लग्नं होत होती, हेही आठवावं लागेल. 1783 साली पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं. कुणाला कुठे बसवायचं, कुणाची सरबराई कशी ठेवायची, याचा बारीकसारीक बंदोबस्त नाना फडणिसांनी केला होता. त्या थाटाचं कौतुक आजही होतं. नवरदेव तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. निफाडला 1842 साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकाचंही दुसरं लग्न 1873 मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे अकरा वर्षांच्या मुलीशी लागलं. त्या मुलीने, रमाबाईंनी, पुढे स्वतःच्या कर्तृत्वाने एक काळ घडवला, पण लग्नाच्या दिवशी तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आज नवरी ज्या जिन्यावर शालू सावरत फोटोला उभी राहते, त्याच जिन्यामागच्या अंधाऱ्या खोलीत केशवपन केलेली एखादी आत्या मांडवातली सनई ऐकत बसलेली असे. शुभकार्यात तिने समोर यायचं नसे.

आणि दाराचा प्रश्न. मोठ्या वाड्याला महादरवाजा असतो आणि त्याच्या एका फळीत माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असते. रोजचा राबता दिंडीतून, महादरवाजा उघडायचा तो वरातीला, पाहुण्यांना, पालखीला. गावातल्या कितीतरी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या घराची कामं केली, पण महादरवाजा काही त्यांच्यासाठी उघडला नाही. कुणाला देवडीपर्यंत यायची मुभा होती, कुणाला मागच्या अंगणापर्यंत, आणि कुणाला भिंतीच्या बाहेरूनच उरलेलं अन्न पदरात घ्यावं लागे. गावजेवण असे, पण जातवार पंगती असत आणि शेवटची पंगत पत्रावळी उचलायच्या वेळी. याच नाशकात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेल्या काळाराम मंदिराच्या दारापाशी 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला. दार काही उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. आपण नवरीसाठी पैठणी आणायला जातो ते हेच येवलं. नाशिक जिल्ह्यात जुनं दार उघडण्याची गोष्ट करायची, तर हा इतिहास ओलांडून पुढे जाता येणार नाही.

म्हणूनच मला लॉन्सची बाजू घ्यावीशी वाटते. लॉन्सला नावं ठेवणं आपल्या सुशिक्षित घरांत रूढ झालं आहे: गोंगाट, प्लास्टिकची फुलं, वाया जाणारं अन्न. त्यात खोटं काही नाही. पण लॉन्सने एक मोठं काम केलं. काल तिथे मराठा घरातलं लग्न होतं, आज बौद्ध पद्धतीचं आहे, उद्या माळी कुटुंबाचं, परवा मारवाड्यांचं. स्टेज तेच, खुर्च्या त्याच, बुफेची रांग एकच. पैसे भरले की तारीख मिळते, आडनाव विचारलं जात नाही. पंचवीस-तीस वर्षांत बुफेने पंगतीचा भेद जेवढा पुसला तेवढा फार थोड्या गोष्टींनी पुसला असेल. तिथलं जेवण उभ्याउभ्याचं आणि घाईचं असेल, पण ते सगळ्यांचं सारखं असतं. लॉन्स सोडून वाड्यात जायचं तर एवढी कमाई तरी सोबत न्यायला हवी.

मध्यंतरी निफाड तालुक्यातल्या एका गावी अशाच एका वाड्यातल्या लग्नाला गेलो होतो. वाडा सुंदरच होता. चिरेबंदी जोतं, त्यावर मातीच्या भिंती, सुरूच्या घाटाचे सागवानी खांब, त्यांना जोडणाऱ्या महिरपी. डेकोरेटरच्या पोरांनी महिरपींवर झेंडूच्या माळा लावल्या होत्या, आणि त्या टिकाव्यात म्हणून कोरीव केळफुलाच्या पाकळ्यांमध्ये सरळ खिळे ठोकले होते. संध्याकाळी चौकात डीजे सुरू झाला. अशा वाड्यात माडीची जमीन कडीपाटाची असते: तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा जाड थर. डीजेच्या ठोक्यासरशी त्या पाटांच्या फटीतून मातीची बारीक धार ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पडत होती. लोक हसून रुमालाने डोकं झटकत होते. मला हसू येत नव्हतं. दोन शतकं तुळईवर बसलेली माती एका संध्याकाळी हलत होती.

त्याहून जास्त लागलं ते दाराशी. चौकात दीडशे-दोनशे माणसं मावतात, म्हणून यादी आखडली होती. पाहुणे नाशिक, पुणे, मुंबईचे. कार्यक्रमाच्या कंपनीने महादरवाजावर काळ्या सफारीतली दोन माणसं उभी केली होती. पलीकडे पारावर गावातली माणसं उभी राहून गाड्या बघत होती. त्यातल्या एका वयस्कर बाईंनी मला सांगितलं, ह्या वाड्याच्या पोतेऱ्याची सगळी माती माझ्या सासूने वाहिली, आत कसं दिसतं ते मी एकदा बघणार होते. दोष त्या कुटुंबाचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनातही आलं नसेल. पण दोनशे वर्षांपूर्वी दार ज्यांच्यासाठी बंद होतं, ते पुन्हा त्यांच्यासाठीच बंद झालं होतं, आणि या वेळी कारण फक्त जागेचं होतं.

जगात इतरत्रही हा प्रश्न उभा राहिला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत जिथे गुलाम राबवले गेले त्या मळ्यांवरच्या पांढऱ्या खांबांच्या घरांत लग्नं लावण्याची फार हौस. 2019च्या अखेरीस पिंटरेस्ट आणि 'द नॉट' यांसारख्या संकेतस्थळांनी अशा जागांचं गौरवीकरण थांबवायचं ठरवलं. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने 2020 मध्ये आपल्या ताब्यातल्या 93 वास्तूंचा गुलामगिरीशी आणि वसाहतींशी असलेला संबंध अहवालात उघड मांडला. त्यावर तिथे वादळ उठलं, पण घरं बंद झाली नाहीत. लोक येतात, लग्नं होतात आणि भिंतीवर खरा इतिहासही लावलेला असतो. मला हा मार्ग पटतो. वाडा आणि मळा सारखे नाहीत, दोन्हींची तुलना ओढूनताणून करू नये, पण घर कुणाच्या कष्टावर उभं राहिलं हे सांगण्याची हिंमत आपल्यालाही हवी.

मग वाड्यात लग्न करायचं तर कसं? माझ्याजवळ काही साध्या गोष्टी आहेत, आणि ज्या घरांत अशी बोलणी चालू असतील त्यांच्यापुढे त्या ठेवाव्यात असं वाटतं. डीजे नको, सनई-चौघडा, हवं तर ढोल, तोही महादरवाजाबाहेर. लाकडाला खिळा नाही, माळा बांबूच्या चौकटीवर लावाव्यात. सागवान शंभर वर्षं वाळलेलं असतं, त्यामुळे ओसरीखाली होमाची, गॅसची आणि विजेच्या तारांची नीट व्यवस्था झाल्याशिवाय मांडव घालू नये. ठरलेल्या भाड्यातला एक भाग मालकाच्या खिशात न जाता त्याच वाड्याच्या कौलांवर, तुळयांवर, गावातल्या सुतार-गवंड्यांच्या मजुरीवर खर्च व्हावा, आणि तो करारात लिहिलेला असावा. तोंडी शब्दावर सोडलेली दुरुस्ती कधीच होत नाही.

शेवटची गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोठी. पाहुण्यांची यादी आखडायची असेल तर आपल्या ओळखीच्या मंडळींची आखडावी, गावाची नको. चौक लहान आहे हे खरं, पण पंगती एकामागून एक बसवता येतात. आपले पूर्वज तेच करत होते. फरक एवढाच करायचा की पहिली पंगत गावाची. महादरवाजाच्या दोन्ही फळ्या उघडायच्या, दिंडीतून कुणाला वाकायला लावायचं नाही, आणि ज्यांच्या आज्यांनी त्या भिंतींना पोतेरं केलं त्यांना ओसरीवर, सोप्यात, माडीवर हवं तिथे हिंडू द्यायचं. यजमानाने स्वतः वाढायला उभं राहायचं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तासभर थांबावं लागलं तर लागेल. तोवर त्यांना वाडा दाखवता येईल, त्यातल्या मागच्या खोल्यांसकट.