श्रोत्याचे ऋण

चर्चासत्राला आपण कशासाठी जातो, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येते : वाचायला. ऐकायला जातो, असे म्हणणारा अध्यापक विरळाच. कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव कोणत्या सत्रात आहे, वाचनाला किती मिनिटे मिळणार आणि प्रमाणपत्र केव्हा हाती पडणार, एवढे कळले की उरलेले दोन दिवस आपल्याला अनावश्यक वाटू लागतात. चर्चासत्राचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा, याविषयी एकमेकांना दिले जाणारे सल्लेही बहुधा ओळखी वाढवण्याचे आणि निबंध छापून आणण्याचे असतात. वस्तुतः हा प्रश्न लाभाचा होण्याआधी नीतीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

न्यायदर्शनाने कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार मानले. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, विजयासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. या तिहींचे मूल्य सारखे नाही. परंतु त्यांना एक गोष्ट समान आहे. प्रतिपक्ष ऐकल्याशिवाय यांपैकी एकही संभवत नाही. वितंडा करणाऱ्यालाही समोरच्याचे म्हणणे नीट समजून घ्यावेच लागते. आपल्या चर्चासत्रांत एकामागून एक निबंध वाचले जातात आणि कोणीच कोणाला उत्तर देत नाही, तेव्हा जे घडते त्याला या वर्गीकरणात जागाच सापडत नाही. वितंडा परवडली, असे म्हणण्याची पाळी येते.

साहित्यसिद्धान्ताच्या इतिहासात परिषदांना मोठे स्थान आहे, हे आपण वर्गात शिकवतो. त्याचा अर्थ मात्र लक्षात घेत नाही. १९५८ साली इंडियाना विद्यापीठात शैलीविषयक परिषद झाली. तीत भाषावैज्ञानिक, समीक्षक आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र आले होते. भाषेच्या सहा कार्यांची रोमान याकबसनची सुप्रसिद्ध मांडणी १९६० साली ज्या लेखातून प्रसिद्ध झाली, तो लेख म्हणजे या परिषदेचे भाषाविज्ञानाच्या बाजूने केलेले समारोपाचे निवेदन होते. आपल्याकडे समारोप म्हणजे आभारप्रदर्शनाची पूर्वतयारी! १९६६ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील परिषदेत झाक देरिदाने संरचनेच्या केंद्राविषयीचा आपला निबंध वाचला. त्यावर झाँ इपोलितने आइन्स्टाइनच्या भौतिकीचा दाखला देत केंद्राच्या कल्पनेविषयी प्रश्न विचारले. १९७० साली निघालेल्या ग्रंथात निबंधाबरोबर ती चर्चाही छापलेली आहे. संपादकांनी प्रश्नांना निबंधाइतकाच जपण्याजोगा ऐवज मानले, ही बाब मला फार बोलकी वाटते.

येथे स्वतःचा एक अनुभव नोंदवणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी जात्यावरच्या ओव्यांवर निबंध वाचला. ओवीतला 'मी' हा व्यक्तीचा नसून समूहाचा असतो, असा माझा सिद्धान्त होता. वाचन झाले, टाळ्या झाल्या आणि संध्याकाळची एस.टी. गाठायची म्हणून मी निघालो. पुढच्या सत्रात तालुक्याच्या महाविद्यालयातील एका तरुण अध्यापिकेचा निबंध होता, तो मी ऐकला नाही. दोन वर्षांनी चर्चासत्राचा ग्रंथ हाती आला, तेव्हा वाचला. तिने आपल्या परिसरातील बायकांकडून ओव्या जमवल्या होत्या आणि कोणती ओवी कोणाची, ती कोणत्या दुःखातून आली, हे त्या बायकांच्याच तोंडून टिपले होते. 'ही माझी आहे, तिची नाही' असे त्या ठामपणे सांगत होत्या. माझा सिद्धान्त त्याच इमारतीत, माझ्या पाठीमागे तासाभरात, मोडला होता. मधल्या दोन वर्षांत मी तो एम.ए.च्या दोन तुकड्यांना शिकवून मोकळा झालो होतो.

माझे नुकसान झाले, ही गोष्ट गौण. त्या अध्यापिकेला तिचा खरा प्रतिपक्ष मिळाला नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांना अपुरे ज्ञान पुरे म्हणून दिले गेले, हा अन्याय होता. शिवाय ज्या बायकांचा 'मी' मी पुसला, त्यांचेही म्हणणे त्या दिवशी सभागृहात आले होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी निबंधवाचनाला गुण दिले. २०१८ मध्ये तपशील बदलले, हिशेबाची सवय उरली. ऐकण्याला गुण नाहीत. तासिकांचा भार, रजेची अडचण, पदरमोड करून भरलेले नोंदणीशुल्क यांत अडकलेल्या अध्यापकाला नीतीचे पाठ देणे सोपे असते. हे सारे मान्य करूनही एक भेद उरतो. व्यवस्था आपल्याला तेथे का नेते, याचे स्पष्टीकरण या आक्षेपात आहे. तेथे बसलेले असताना आपण का ऐकत नाही, याचे नाही. ज्या सत्रात आपण वाचतो, निदान ते सत्र संपेपर्यंत बसणे हे कोणत्याही विनियमाने अशक्य केलेले नाही.

आपले वाचन होते, तेव्हा कोणीतरी आपली वीस मिनिटे आपल्याला देत असते. ते ऋण त्याच सभागृहात फेडायचे असते. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या विषयाच्या जवळचे निबंध कोणते, हे पाहून ठेवावे. विशेषतः आपल्याशी न जुळणारे. 'प्रश्न नाही, थोडे भाष्य करतो' अशी सुरुवात टाळून, ज्याचे उत्तर आपल्याला खरोखर ठाऊक नाही असा एकच प्रश्न विचारावा. आणि परतल्यावर आपल्या निबंधाच्या समासात, त्याविरुद्ध ऐकलेला सर्वांत बळकट मुद्दा, सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवावा. माझ्या ओव्यांच्या निबंधाच्या समासात असे एक नाव आता आहे. ते दोन वर्षे उशिरा लिहिले गेले.